सॅटरडे नाइट फीव्हर, शेवटी बघितला

आज दुपारी घरी कोणी नव्हतं म्हणून एकदाचा सॅटरडे नाइट फीव्हर लावला. १९७७ चा पिक्चर, पांढऱ्या सुटातला जॉन ट्रॅव्होल्टा आणि बी जीजची गाणी एवढंच माहीत होतं, वाटलं मस्त टाइमपास असेल, नाचगाणं बघू नि झोपू. कसलं काय! ब्रुकलिनच्या बे रिजमधला १९ वर्षांचा टोनी, आठवडाभर रंगाच्या दुकानात डबे विकणार, घरी बेकार बाप, पगार वाढला सांगितलं तरी बाप टोमणेच मारणार, आणि भाऊ पाद्री म्हणून आईला त्याचंच कौतुक. मग शनिवारी रात्री क्लबात हाच पोरगा राजा. ते केस विंचरणं, शर्ट निवडणं, आरशासमोरचं ते सगळं इतकं खरं आहे ना, आपल्याकडे गणपतीत नाचणारी पोरं आठवली.

पण मित्रांची टोळी मात्र बेकार आहे हां, बायकांशी ज्या पद्धतीने वागतात ते बघवत नाही, टोनीसुद्धा काही संत नाही. मुलांसोबत बघू नका प्लीज. आणि तो टोळीतल्या बॉबीचा पुलावरचा सीन, पोटात गोळाच आला.

बाय द वे हा सिनेमा निक कोन नावाच्या पत्रकाराच्या १९७६ च्या मासिकातल्या लेखावरून काढलेला, आणि त्याने नंतर कबूल केलं की बराचसा मनाने रचला होता 😄 तरी टोनी नाचाची स्पर्धा जिंकून बक्षीस पोर्तो रिकोच्या जोडीला देऊन टाकतो तो प्रसंग मला पटलाच, कारण ते खरंच भारी नाचले होते.