शाळा कुठली तुमची?

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये कुणी 'शाळा कुठली तुमची?' असं विचारलं, की ती शिक्षणाची चौकशी नसते. इथली बहुतेक मुलं अजूनही आपापल्या समाजाच्या शाळेत जातात. त्यामुळे शाळा कळली की माणूस प्रोटेस्टंट की कॅथलिक, हेही कळतं. आपल्याकडे 'आडनाव काय?' आणि पाठोपाठ 'गाव कुठलं?' विचारून जे काढून घेतात, तेच.

मी मुंबईची, इथे एका दवाखान्यात मानसोपचार करणारी थेरपिस्ट आहे. गेल्या महिन्यात एका पेशंटने मला हा प्रश्न विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) साठीचे गृहस्थ, शँकिल रोड या प्रोटेस्टंट वस्तीतले, भाऊ बॉम्बस्फोटात गेलेला. मी सरळ सांगितलं, माहीमची, नन्स चालवायच्या ती कॅथलिक कॉन्व्हेंट. त्यांनी टेबलावरची टोपी उचलून मांडीवर घेतली आणि उरलेला सगळा वेळ ते गुडघेदुखीवर बोलले. नंतर सुपरवायझर बाईंनी मला समज दिली की असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, विषय पेशंटकडे वळवायचा. ते गृहस्थ पुढच्या वेळी ठरल्या वेळेला आले आणि त्यांनी पहिल्यांदा भावाचं नाव घेतलं. माझ्या उत्तरामुळे घेतलं असा माझा दावा नाही. पण त्या उत्तराने काही बिघडलंही नाही, आणि मला ती समज अजून पटलेली नाही.

इथल्या तटस्थतेचं मला मनापासून कौतुक आहे, हे आधी सांगते. या दोन समाजांमधल्या तीस वर्षांच्या संघर्षात 3,500 हून जास्त माणसं मेली. 1998 च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतरही प्रोटेस्टंट शँकिल आणि कॅथलिक फॉल्स रोडमधली भिंत उभीच आहे. अशा सगळ्या भिंती 2023 पर्यंत पाडायच्या असं सरकारने ठरवलं होतं, ते झालं नाही. आमच्या वेटिंग रूममध्ये माजी पोलीस, तुरुंगातून सुटलेला माणूस आणि कुणाची तरी विधवा शेजारीशेजारी बसलेली असतात. म्हणून स्टाफने नोव्हेंबरात ब्रिटिश सैनिकांच्या स्मरणाचं लाल पॉपीचं फूल लावायचं नाही, ईस्टरला ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या आयरिश उठावाची लिली लावायची नाही, फुटबॉल क्लबचा टी-शर्टसुद्धा घालायचा नाही, कारण त्यावरूनही बाजू कळते. आपल्याकडे दवाखान्याच्या भिंतीवर नगरसेवकाच्या फोटोचं कॅलेंडर बिनदिक्कत लटकत असतं. त्याखाली बसलेल्या पेशंटला काय वाटत असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पण फूल न लावणं वेगळं आणि समोरच्याने विचारल्यावर गप्प बसणं वेगळं. गप्प बसल्याने मी तटस्थ होत नाही. पेशंट मग माझ्या चेहऱ्यावरून, उच्चारावरून, रंगावरून स्वतःच अंदाज बांधतो, आणि तो अंदाज खोडायची सोयही राहत नाही.

गप्प न बसणारा एक माणूस मला इथे आठवतो. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये इग्नासिओ मार्टिन-बारो नावाचे जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) धर्मगुरू आणि मानसशास्त्रज्ञ होते. भर यादवी युद्धात त्यांनी लोकांना युद्धाबद्दल काय वाटतं याची सर्वेक्षणं घेतली आणि ती छापली. छळ आणि खून यांबद्दल माणूस निःपक्ष राहू शकत नाही, पण अभ्यासात वस्तुनिष्ठ राहू शकतो, असं ते मानत. 16 नोव्हेंबर 1989 ला सैनिकांनी विद्यापीठाच्या आवारात त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्यासोबत आणखी पाच जेझुइट, स्वयंपाकीणबाई आणि तिची कोवळी मुलगी यांनाही मारलं.

मुंबईत एम.ए. करताना मानसिक आघात हा विषय आम्ही व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांवरून शिकलो. 1992-93 ची दंगल आमच्या वर्गात एकदाही निघाली नाही. तिची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू नोंदवले. त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू होते. ती घरं कॉलेजपासून लोकलने काही स्टेशनांवर होती. 'राजकारण वर्गात नको' म्हणायचे सर. या मौनाला आम्ही व्यावसायिक शिस्त समजायचो. पुढे काम करताना मी तरी पेशंटला विचारत असे, 'तेव्हा तुम्ही कुठे राहत होता?' कुणी त्यावरून उठून गेलं नाही. उलट, बायका तासभर बोलत. कुठल्या बाजूची याने फरक पडत नसे, कारण मी दोघींनाही तोच प्रश्न विचारत होते आणि माझं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं.

पुढच्या टीम मीटिंगच्या अजेंड्यावर मी हा मुद्दा घालायला लावलाय. पेशंटने विचारलं तर थेरपिस्टला खरं उत्तर देण्याची मुभा हवी, आणि ते का दिलं हे फाइलमध्ये लिहिणं बंधनकारक हवं, एवढंच माझं मागणं आहे. सुपरवायझर बाईंचा विरोध आहे, आणि त्यांनी संघर्षाची ती तीस वर्षं याच शहरात काढलीत. पण मीही मुंबईची आहे.