उणे रकमेची हिशोबपट्टी

पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावरून फोन आला, "पट्टी उणे निघालीय, लगेच या." नाशिकहून तसाच निघालो.

लिलाव झाला की ट्रॅक्टर भुईकाट्यावर जातो. वजनाला भावाने गुणायचं, हमाली-तोलाई वजा करायची, शेतकऱ्याच्या हाती द्यायच्या रकमेची पट्टी छापायची. या पट्टीवर वजन बरोबर होतं, पण भाव शून्य. वजावट मात्र पूर्ण, म्हणून शेतकरीच देणं लागत होता!

पट्टी छापणारा प्रोग्राम जुना, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतला. प्रत्येक लिलाव चिठ्ठीच्या नंबरावरून एकेक ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे भाव ठेवायचा नाव दिलेला कप्पा, तयार व्हायचं. पीएचपीत बाहेरचं व्हेरिएबल फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र तुकड्याच्या, आत आपोआप दिसत नाही. म्हणून आत 'ग्लोबल' लिहून पुढे दोन डॉलर चिन्हं आणि चिठ्ठीच्या नंबरावरून जुळवलेलं नाव, की त्या नावाचं व्हेरिएबल मिळतं. काट्यावरच्या पोराने नंबरापुढे चुकून एक स्पेस मारली होती. नाव जुळलं नाही, तर पीएचपीने त्या नावाचं नवं व्हेरिएबल गुपचूप करून दिलं, किंमत नल, म्हणजे रिकामी. नल गुणिले वजन, शून्य. लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदीत, अक्षर नाही. तोच भाव 'ग्लोबल्स' अ‍ॅरेतून, म्हणजे सगळ्या ग्लोबल व्हेरिएबलांच्या यादीतून, वाचला असता तर निदान वॉर्निंग तरी पडली असती. हे लिहिणाऱ्याला अ‍ॅरे येत नव्हता असंही नाही, त्याच फाइलमध्ये हमालीचे दर अ‍ॅरेतच आहेत. हा निव्वळ आळस.

सगळे भाव एका अ‍ॅरेत घेतले, तो फंक्शनला थेट पॅरामीटर म्हणून दिला, नंबर ट्रिम केला, म्हणजे मागच्या-पुढच्या स्पेस काढल्या. आता चिठ्ठी सापडली नाही तर छपाईच थांबते.

चूक मुनीमजींनी पकडली. शेतकरी तर पट्टी घडी करून खिशात घालून निघाले होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"भाडं अंगावर पडलेलं पाहिलंय मी. म्हटलं, आता हेही."

2023 च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांद्याचे एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपये आले होते. आमच्या प्रोग्रामचा शून्य त्यांना खरा वाटला, तो यामुळेच. हे मनातून जात नाही.

शिवाय दोन ट्रॉल्यांची एकच पट्टी असेल आणि त्यातली एक शून्यावर गेली, तर एकूण रक्कम उणे होत नाही, नुसती कमी भरते. तशा जुन्या नोंदी डेटाबेसमध्ये निघाल्या. यादी शेठच्या हातात दिली. ते म्हणाले, "हंगाम संपू द्या, मग बघू." मला हे पटलेलं नाही. उद्या पुन्हा जाणार आहे.