"त्याला मारताना मी पाहिलं"

चाळीतली मारामारी. दोन्ही गट जखमी, दोन्हीकडून तक्रारी. सत्र न्यायाधीश म्हणून माझ्यापुढे तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम ३०७चा, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा, खटला होता आणि आरोपीचा बचाव स्वसंरक्षणाचा. आधी हात कोणी उचलला, यावरच सगळं उभं. समोरच्या खोलीतल्या बाई साक्षीला आल्या. सरतपासात, म्हणजे त्यांना बोलावणाऱ्या सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, जखमी तरुणाबद्दल म्हणाल्या, "त्याला मारताना मी पाहिलं."

मी स्टेनोला इंग्रजीत सांगून मोकळा झालो, त्याला मार बसताना पाहिलं. बचावाचे वकील उठले. "साहेब, बाईंचं वाक्य दोन्हीकडे लागतं."

खरंच लागतं. तो मारत होता, की त्याला कोणी मारत होतं? मराठीत हे उघडं राहू शकतं. इंग्रजीत एक बाजू घ्यावी लागते, आणि ती बाईंनी नव्हे, मी घेतली होती. अपिलात उच्च न्यायालयासमोर फक्त कागद जातो. बाईंचा आवाज, हातवारे तिथे पोचत नाहीत.

सत्र न्यायाधीश दोन वाटांनी होतात. किमान सात वर्षं वकिली करून थेट, किंवा तालुक्याच्या कोर्टापासून चढत. मी चढत आलेला. तिथे जबानी मराठीत, हाताने लिहायचो. साक्षीदाराचा शब्द जसाच्या तसा उतरायचा. मुंबईत ऐकायचं मराठीत आणि सांगायचं इंग्रजीत, घोटाळा होतो तो इथेच.

सरकारी वकिलांना सरतपासात सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारा, प्रश्न सहसा विचारता येत नाही. पण तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १६५खाली न्यायाधीश स्वतः विचारू शकत असे. तरी "तो मार खात होता ना?" असं विचारलं तर उत्तर मीच दिल्यासारखं. म्हणून एवढंच विचारलं, "तेव्हा कोणाच्या हातात काय होतं?"

"साहेब, बांबू त्याच्याच हातात होता. हा तर हात आडवा धरून मागे सरत होता." बोट आरोपीकडे.

जबानी एरवी सलग निवेदनात उतरते. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६खाली मी हा भाग प्रश्नोत्तर रूपात घेतला, बाईंचे शब्द अवतरणात देवनागरीत, आधीचं वाक्यही तसंच. पोलिसांपुढच्या जबाबात मात्र "आरोपी मारत होता" असं स्वच्छ वाक्य होतं. बाई म्हणाल्या, असं मी सांगितलंच नाही. तेवढ्या मजकुराला 'अ' खूण केली. पण खूण केली म्हणजे तो मजकूर शाबीत होत नाही, तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत ते विचारून घ्यावं लागतं. अनेक खटल्यांत हे राहून जातं आणि निकाल लिहिताना ती विसंगती वापरता येत नाही.

शेवटी त्याच संहितेच्या कलम २७८प्रमाणे आरोपीसमक्ष जबानी वाचून, मराठीत समजावून दिली. घाईच्या दिवशी हे उरकलं जातं, तसं होऊ नये. एके ठिकाणी काठी असं उतरलं होतं, तिथे बाईंनी मध्येच थांबवलं.

"काठी नाही साहेब. मंडपाचा बांबू. माझ्या डोक्याच्या वर जाईल एवढा."

काठी खोडली, बांबू लिहिलं, बाजूला सही केली.