जुळे सोलापुरातलं घर आणि पिक्चरची खोली

जुळे सोलापुरात घर बांधतोय आणि एक खोली फक्त पिक्चर बघायला ठेवायची हे पक्कं ठरलंय. खोली १२ बाय १८, चौरस मुद्दाम टाळली कारण लांबी-रुंदी सारखी असली की बेस, म्हणजे खालचा जड आवाज, फार घुमतो. प्लास्टरच्या आधी परवा वायरमनसोबत भिंतीवर खडूने खुणा केल्या, छतातूनही आवाज देणाऱ्या डॉल्बीच्या ५.१.२ अ‍ॅटमॉसचे सात स्पीकर, त्यातले दोन छतात, बेसचा स्पीकर म्हणजे सबवूफर वेगळा, आणि प्रोजेक्टरच्या एचडीएमआय केबलला दीड इंची पाईप कारण पाऊण इंचीत कनेक्टरचं डोकंच अडकतं. आई म्हणते भिंतीला आपल्या सोलापुरी चादरी लाव की, दिसेल छानच, पण कापडाने फक्त वरच्या पट्टीचा बारीक आवाज दबतो, बेसला जाड रॉकवूलच (दगडी तंतूंची गादी) लागतं. पश्चिमेची खिडकी मात्र बुजवली, मे महिन्यातलं आपलं ऊन माहितीये ना.