जर्मनीत गाडी बाळगताना: ट्युफ, टायर आणि वायरी कुरतडणारा प्राणी

घरून फोन आला की गाडीबद्दल दोनच प्रश्न येतात: केवढ्याला पडली आणि ॲव्हरेज किती देते? श्टुटगार्टमध्ये गाडी चालवायला लागल्यापासून मला मात्र सांगावंसं वाटतं ते तिच्या देखभालीबद्दल. इथे गाडी सुस्थितीत ठेवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ती ज्या पद्धतीने तपासली जाते ती पद्धत मला फार आवडते.

आपल्याकडे खाजगी गाडीला पंधरा वर्षं होईपर्यंत पीयूसीपलीकडे सरकारी तपासणी जवळजवळ नसतेच. इथे नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. गाडी लिफ्टवर चढवून खालचा गंज, सस्पेन्शनचे बुश, ब्रेकचे पाइप बघतात. रोलरवर चाकं फिरवून डाव्या-उजव्या ब्रेकची ताकद सारखी आहे का तेही पाहतात. हे काम ट्युफ ही संस्था करते. डेक्रासारख्या इतर संस्थाही ते करतात, पण लोकांच्या तोंडी नाव एकच, ट्युफ. तिची मुळं 1866 मध्ये मॅनहाइमला निघालेल्या, वाफेच्या बॉयलरची तपासणी करणाऱ्या मंडळीत आहेत. आदल्या वर्षी तिथल्या एका ब्रुअरीत बॉयलर फुटला होता.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की तपासणारा वेगळा आणि दुरुस्त करणारा वेगळा. तपासनीस पुष्कळदा गॅरेजमध्येच येतो, पण तो गॅरेजचा माणूस नसतो. ‘ब्रेक पॅड गेलेत साहेब, बदलावे लागतील’ हे गॅरेजवाल्याने सांगितलं की पुण्यात आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहतो, खरं-खोटं कळायला मार्ग नसतो. इथे ज्याला पॅड विकायचे नाहीत असा माणूस ते कागदावर लिहून देतो. दोष गंभीर असेल तर एका महिन्यात दुरुस्त करून गाडी पुन्हा दाखवायची. पास झाली की मागच्या नंबरप्लेटवर गोल रंगीत स्टिकर लागतो, वरच्या टोकाला येणारा आकडा म्हणजे मुदतीचा महिना. रंग वर्षागणिक बदलतो, 2026 चा निळा आहे. त्यामुळे मुदत टळलेली गाडी पोलिसांना लांबूनच ओळखू येते.

दुसरा मोठा विषय टायरचा. बर्फ किंवा घसरडा रस्ता असताना हिवाळी टायर नसतील तर 60 युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दंडाचा पॉइंट. कायद्यात तारखा नाहीत, म्हणून लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा ठोकताळा पाळतात. थंडीत उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी लांबवर सरकत जाते. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं, त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. कायद्याला 1.6 मिलिमीटर खोलीची नक्षी चालते, पण हिवाळ्यासाठी जाणकार चार मिलिमीटर सांगतात. ती मोजायला दोन युरोचं नाणं पुरतं: खाचेत उभं धरायचं, बाहेरची चंदेरी कड पूर्ण आत गेली नाही तर टायर बदलायची वेळ झाली.

बरेच जण चाकं घरीच बदलतात. जॅक, पाना, आणि काढलेल्या प्रत्येक चाकावर खडूने पुढचं-मागचं, डावं-उजवं लिहून ठेवायचं. साधारण पन्नास किलोमीटर चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळून बघायचे, हे विसरू नये.

आणि मार्डर! मांजराएवढा, झुबकेदार शेपटीचा हा रानटी प्राणी रात्री बोनेटखाली शिरून वायरी आणि रबरी नळ्या कुरतडतो. वसंत ऋतूपासून उपद्रव जास्त, कारण दुसऱ्या मार्डरचा वास आला की तो चवताळतो. आपल्याकडे उंदरांसाठी बोनेटमध्ये तंबाखू ठेवतात, तशी इथे लोक गाडीखाली तारेची जाळी अंथरतात. विमा घेताना मार्डरच्या चाव्याचं कलम नक्की वाचा. चावलेली वायर बहुधा भरून मिळते, पण त्यापायी पुढे इंजिनचं जे नुकसान होतं ते प्रत्येक पॉलिसीत धरलेलं नसतं.

इकडे येऊन जुनी गाडी घेणार असाल, तर ट्युफचा शेवटचा अहवाल मागून घ्या आणि दोन्ही मोसमांचे टायर मिळतायत का विचारा. मिळत असतील तर टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांपाशी चार आकडे शोधा. 3221 म्हणजे 2021 सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हे आकडे भारतातल्या टायरवरही असतात. दुकानदार ‘नवा माल आहे’ म्हणाला तरी ते वाचूनच पैसे द्या.