दोन होल मागे

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्याजवळच्या ज्या मैदानाचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे, त्याला अख्खे शहर आजही ‘गोल्फ क्लब’च म्हणते. तिथे रणजीचे सामने होतात आणि जॉगिंग ट्रॅकवर पहाटेपासून वर्दळ असते, पण गोल्फ खेळणारा माणूस तिथे मी तरी आजवर पाहिलेला नाही. माझा पंधरा वर्षांचा मुलगा याच मैदानावर क्रिकेट खेळतो. मागच्या रविवारी त्याने एकाच षटकात 22 धावा दिल्या आणि संध्याकाळी तो घरात घुम्यासारखा बसून राहिला. त्याला बोलते करायचे म्हणून मी विषय काढला तो अमेरिकेतील किशोरवयीन मुलांच्या राष्ट्रीय हौशी गोल्फ स्पर्धेचा, म्हणजे यू. एस. ज्युनिअर अमॅच्युअरचा. गोल्फ पाहण्याचा नाद मला आहे; घरात तो दुसऱ्या कोणालाही नाही.

ही स्पर्धा 1948 पासून भरते. वयाची अट पूर्वी अठराच्या आत अशी होती, ती 2017 पासून एकोणिसाच्या आत अशी झाली. विभागीय पात्रता फेऱ्यांतून किंवा थेट प्रवेशाने आलेले 264 खेळाडू आधी दोन दिवसांत 36 होल खेळतात; ठरलेल्या जागेपासून चेंडू मारत नेऊन खड्ड्यात घातला, की एक होल पूर्ण. तिथे प्रत्येक फटका मोजला जातो आणि एकूण फटके ज्यांचे कमी, असे 64 जण पुढे जातात. इथून पुढे हिशेबच बदलतो. आता समोरासमोर लढत असते आणि मोजायचे ते होल; जो होल कमी फटक्यांत पूर्ण करील, त्याच्या नावावर तो होल. उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की लढत तिथेच संपते.

किराणा मालाच्या यादीच्या कोऱ्या बाजूला चौकोन आखून मी हे समजावत होतो. चार फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या होलवर एखाद्याने नऊ फटके घेतले, तर पहिल्या दोन दिवसांत ते पाच जादा फटके त्याच्या मानगुटीवर बसून राहतात. लढतीत मात्र त्याचा एक होल जातो, बस्स. मुलाने मान वर केली आणि विचारले, “म्हणजे एका षटकात 22 दिल्या, तरी गेले फक्त तेवढे षटकच?” मी इतकी वर्षे गोल्फ पाहतो आहे, पण इतक्या थोडक्यात मला हे कधी सांगता आले नव्हते.

मला या स्पर्धेचे अप्रूप वाटते ते यासाठीच. एकाच आठवड्यात मुलाला आधी एकही चूक न विसरणारा खेळ खेळावा लागतो आणि लगेच मागचे पुसून टाकणारा. अंगमेहनतही कमी नाही. अंतिम लढत 36 होलांची असते आणि त्याआधीच्या दोन दिवसांत रोज 18 होलांच्या दोन-दोन लढती होतात. सगळ्या लढती शेवटच्या होलपर्यंत रंगल्या, तर विजेत्याचे सहा दिवसांत 162 होल होतात. 18 होलांच्या एका फेरीला आठ किलोमीटर धरले, तरी ही चाल नाशिकहून त्र्यंबकेश्वरला पायी जाऊन परत येण्यापेक्षा जास्त भरते.

मग टायगर वूड्सची गोष्ट निघणे भागच होते. पहिल्यांदा जिंकला तेव्हा, म्हणजे 1991 मध्ये, तोही पंधराच वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा जिंकला. 1993 मध्ये पोर्टलंडला अंतिम फेरीत त्याच्यासमोर रायन आर्मर होता. अंतिम लढत तेव्हा 18 होलांची असे आणि शेवटचे दोन होल उरले असताना वूड्स बरोबर दोन होलांनी मागे होता. आता एक होल नुसता बरोबरीत सुटला असता, तरी सगळे संपले असते. सतराव्यावर त्याने बर्डी केली, म्हणजे अपेक्षेपेक्षा एक फटका कमी घेतला, आणि तो होल जिंकला. अठराव्यावर चेंडू ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, बराच अलीकडे बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खळग्यात, अडकला. वाळूतला इतका लांबचा फटका भल्याभल्यांना नकोसा वाटतो, कारण चेंडूआधी वाळू किंचित जास्त उचलली गेली की तो निम्म्यातच पडतो आणि वाळू अजिबात लागली नाही तर थेट ग्रीनपलीकडे जातो. त्याने तो खड्ड्यातल्या पताकेजवळ आणला आणि पुन्हा बर्डी करून बरोबरी साधली. निकालासाठी खेळलेला जादाचा एकोणिसावा होलही त्यानेच घेतला. सलग तीन वर्षे, प्रत्येकी सहा लढती, आणि अठरापैकी एकही हार नाही. ही स्पर्धा तीनदा जिंकणारा दुसरा कोणी अजून झालेला नाही.

इथे मुलाने मला अडवले. त्याला वूड्सपेक्षा दुसऱ्याचीच चिंता होती. “दोन होलांनी पुढे असलेल्याचे काय झाले?”

आर्मर पुढे व्यावसायिक झाला आणि पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेतले पहिले विजेतेपद त्याला मिळाले ते 2017 च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. मुलाने माझ्या हातातले पेन घेतले, चौकोनांच्या खाली 2017 वजा 1993 असे मांडले आणि उत्तर लिहून कागद उलटा केला. यादीत तूरडाळ आणायची राहिली होती. ती आणायला तोच गेला.