दर रविवारी संध्याकाळी होणारी सर्दी

मागच्या डिसेंबरात लागोपाठ पाच रविवार मला संध्याकाळी सर्दी झाली. रात्री अंगात कसकस, सोमवारी सकाळी डोकं जड, डोळे चुरचुरतायत, छातीत बारीक घरघर, आणि बुधवारपर्यंत सगळं गायब. पुण्याची थंडी, त्यात कर्वेनगरात आमच्या शेजारी दोन बिल्डिंगचं बांधकाम चालू, घरोघरी खोकला, त्यामुळे मी पण आलं-गवती चहाचा काढा पीत राहिले आणि रविवार आला की परत माझ्या जहाजाच्या मॉडेलच्या टेबलाशी बसले. पकडलं ते माझ्या मुलीने. म्हणाली, "आई, आठवडाभर तू ठणठणीत असतेस आणि जहाजाला बसलीस की आजारी पडतेस, तुझ्या लक्षात येतंय का?" मला ते ऐकायला अजिबात आवडलं नाही, कारण आठवड्यात माझा स्वतःचा असा तेवढाच एक दिवस असतो.

जहाज म्हणजे एचएमएस ट्रिंकोमाली या ब्रिटिश नौदलाच्या जुन्या शिडाच्या जहाजाचं लाकडी मॉडेल, मी घरी बनवतेय ते. मूळ जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, मलबारी सागाचं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं. इंग्लंडमधे हार्टलपूलला ते आजही तरंगतंय. खरं जहाज दीडशे फुटांच्या आसपास, माझं १:७२ च्या स्केलचं आहे म्हणजे हल, जहाजाचं मुख्य धड, साधारण पंचवीस इंच. आपल्याकडच्या माणसांनी आपल्याकडच्या लाकडातून बांधलेलं जहाज दोनशे वर्षांनी उभं आहे ही गोष्ट मला इतकी भिडली की तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या गॅलरीत टेबल टाकलं आणि सुरुवात केली.

तर, दोषी निघाला सुपरग्लू. मॉडेलवाले सगळे सीए म्हणतात, सायनोअक्रिलेट. मी तो पाण्यासारखा वापरायचे, फळीच्या दोन टोकांना थेंब, दोरीच्या प्रत्येक गाठीवर थेंब. हा ग्लू ओलाव्याने घट्ट होतो, आणि त्याची वाफ नाकात, डोळ्यात गेली की तिथल्या ओलाव्याशी पण तेच करते, म्हणून चुरचुरतं. हवा कोरडी असली की ग्लू सुकायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ वाफ उठत राहते, त्यामुळे पुण्याची कोरडी डिसेंबरची दुपार, थंडी म्हणून बंद केलेल्या खिडक्या आणि जवळचं दिसत नाही म्हणून कामावर वाकलेलं माझं तोंड, असं सगळं जुळून आलं होतं. पावसाळ्यात त्रास नव्हता झाला त्याचं कारण मला हेच वाटतं, खिडक्या उघड्या आणि हवेत दमटपणा.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली ती इथे लिहिते कारण मला आधी माहीत नव्हती. वाफेने डोळे चुरचुरणं कुणालाही होऊ शकतं, हवा खेळती ठेवली की ते कमी होतं. पण काहींचं शरीर ती गोष्ट कायमची लक्षात ठेवतं, मग अगदी थोड्या वाफेनेही दम लागतो, आणि तो लगेच नाही तर काही तासांनी, म्हणून त्याचा संबंध ग्लूशी आहे हे माणसाच्या डोक्यातच येत नाही. त्यांनी महिनाभर सीए पूर्ण बंद करून बघायला सांगितलं. सागाचा भुसाही काहींना बाधतो म्हणून मी त्या महिन्यात मुद्दाम पॉलिश पेपरचं काम चालू ठेवलं, मास्क लावून. काही झालं नाही. मग महिन्याने कुणीतरी दुसऱ्या खोलीत तुटलेली चप्पल सीएने चिकटवली आणि रात्री मला पंप घ्यावा लागला. त्यानंतर शंका उरली नाही.

मास्कबद्दल सांगते, कारण मीही तीच चूक केली होती. कोविडच्या वेळचे एन-९५ घरात पडून होते, ते लावून मी निर्धास्त. ते धुळीसाठी, वाफ त्यातून सरळ आत जाते. वाफेसाठी कार्ट्रिजवाला मास्क लागतो, आणि शरीराने एकदा ग्लूशी वैर धरलं असेल तर माझ्या मते मास्कवर विसंबून तोच ग्लू वापरत राहू नये. सीएमधे कमी वासाचा प्रकार मिळतो, त्याची वाफ बरीच कमी असते, ज्यांना नुसतं चुरचुरतं त्यांच्यासाठी तो चांगला आहे, मी माझ्यापुरता तोही घरात आणत नाही. आणि सीए वापरताना सुती हातमोजे घालू नका हो, सुताशी लागला तर तो इतका तापतो की भाजतं.

आता खरं काम. मी दोन आठवडे टेबलावर चादर टाकून ठेवली होती, वाटलं संपलं सगळं. मग ट्रिंकोमालीचे फोटो बघत बसले होते तेव्हा लक्षात आलं, अगं या जहाजाच्या फळ्या ग्लूवर कुठे उभ्या आहेत, लाकडी खुंट्या आणि धातूचे बोल्ट! आणि सीए दुकानात मिळायला लागला १९५८ साली, त्याच्या आधी लोक मॉडेल बनवतच होते की.

खुंट्या मी आता बांबूच्या करते. स्वयंपाकघरातली कबाबची काडी उभी चिरायची, आणि सोनार तार बारीक करायला वापरतात ती भोकांची पोलादी पट्टी असते ना (मला रविवार पेठेत मिळाली), तिच्या एकेका भोकातून पक्कडीने ओढायची. दरवेळी बांबूची सालटं कुरळी होऊन मागे पडतात आणि काडी बारीक होत जाते, शेवटी पाऊण मिलिमीटरची काडी हातात येते, जवळजवळ दोऱ्यासारखी वाकणारी. फळीला भोक पाडायचं, खुंटीच्या टोकाला फेविकॉल, आत सारायची, वाळली की ब्लेडने सपाट. एका रविवारी चाळीस होतात. पण हलवर हात फिरवला की त्या ठिपक्यांची रांग बोटाला नाही, फक्त डोळ्याला कळते.

वळणदार फळ्यांना तेवढा वेळ धरून ठेवणं हा मोठा प्रश्न होता, त्यासाठीच तर सगळे सीए वापरतात. त्यावर इस्त्रीची युक्ती आहे. फळीला आणि खालच्या सांगाड्याच्या फासळीला, दोन्हीकडे साधा फेविकॉल पातळ लावून पूर्ण वाळू द्यायचा, मग फळी जागेवर ठेवून वरून छोटी गरम इस्त्री काही सेकंद दाबायची. वाळलेला फेविकॉल उष्णतेने परत मऊ होतो आणि गार होताना पकडतो. आधी तुकड्यांवर करून बघा, वॉटरप्रूफ प्रकाराने माझं तितकं छान जमलं नाही. बाकी ठिकाणी पेपर क्लिपा, टाचण्या आणि धीर.

शिडांच्या दोरकामाला चपडी लाख, स्पिरिटमधे विरघळवून. सुतारकाका पॉलिशला वापरतात तीच. दोऱ्याला आधी मेण लावायचं, गाठ मारायची आणि शून्य नंबरच्या ब्रशने एक टिपका. गाठ पांढरी पडत नाही, कडक काचेसारखी होत नाही, आणि चुकली तर परत स्पिरिट लावून सोडवता येते, हे सीएला कधी जमलं नसतं. स्पिरिटचा वास असतो, आग पकडतं, तेव्हा खिडकी उघडी आणि देवघरातली समई लांब.

पितळी भागांसाठी मी पिनच घालते. दोन भागांच्या एपॉक्सीकडे वळावं असं वाटलं होतं, पण तो प्रकार कातडीला अ‍ॅलर्जी करण्यात सीएपेक्षा कमी नाही, एकदा झाली की बहुतेक आयुष्यभर राहते. ज्यांना वापरायचाच आहे त्यांनी नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि हाताला लागला तर थिनरने पुसू नका, साबणाने धुवा.

अजून एक, हे मला डॉक्टरांनी निघता निघता सांगितलं. हल्ली हॉस्पिटलमधे काही जखमा टाक्यांऐवजी ग्लूने बंद करतात, तो ह्याच घराण्यातला. खोट्या पापण्या, नखं चिकटवायचा ग्लूसुद्धा बरेचदा तोच असतो. सीएची अ‍ॅलर्जी असेल तर औषधांच्या अ‍ॅलर्जीसारखी तीही सांगायची. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल पेनने लिहिलेलं आहे, आणि मुलीच्या लग्नाआधी पार्लरवालीलाही मी ते आधीच सांगून ठेवलंय.

सध्या डाव्या बाजूच्या खालून सातव्या फळीवर आहे. उजवी बाजू जुन्या पद्धतीने झालेली, डावी नव्या, आणि पुढून बघितलं तर डावीचं वळण जास्त सुरेख आलंय. उजव्या बाजूच्या वरच्या चार फळ्या काढून परत करायच्या की नाही ते अजून ठरत नाहीये, कारण सीएचा जुना जोड उकलायचा तर अ‍ॅसिटोन आणि घासणं दोन्ही आलं. कुणी असं काही उकललं असेल, बाहेर मोकळ्यावर, तर किती वेळ लागला ते मला कळवा.